एकतिसावा दिवस

त्रोंदुरला बटणांचाच हवा होता.
काच नको, म्हणाला, काचेला माझी बोटं कळत नाहीत.
मिठाने चिरलेली, खवल्यांनी माखलेली,
बेचाळीस दिवस बॅरंट्सच्या समुद्रात कॉड फाडणारी बोटं.
हातमोजा न काढता गाणं पुढे ढकलता आलं पाहिजे.

क्लाक्सविकच्या दुकानातली पोरगी म्हणाली,
असे आता येत नाहीत, काकू.
मग शिडी लावून वरच्या खोक्यातून
काढलाच तिने एक:
काळा, आठ जीबी, वापरलेल्या साबणाच्या वडीएवढा,
दाबलं की टक् म्हणणारी पाच बटणं.
मी तिथेच उभी, टक् टक् टक्.
मागे रांग.

आठ जीबीत त्याला काय काय हवं!
तेरा गुप्तहेर कादंबऱ्या, डॅनिशमध्ये, कुणीतरी खर्जात वाचलेल्या.
साखळीनाचाची कवनं, शंभर शंभर कडव्यांची.
मामाचं ॲकॉर्डियन.
आणि वडिलांची ती चाळीस सेकंदं,
डोंगरावरून मेंढ्यांना बोलावतानाची.
वारा जास्त, वडील कमी.
तेवढं आधी टाक, म्हणाला.

ती चाळीस सेकंदं जुन्या डिस्कवर,
आणि डिस्क हल्ली कण्हते.
कोपनहेगनहून होग्नी ओरडला फोनवर,
आई, ढगात ठेव सगळं!
आमच्याकडे ढग दारातच बसलेले असतात, पोरा,
त्यांच्या भरवशावर इथे कुणी कपडेसुद्धा वाळत घालत नाही.
तरी त्याने तीन कंपन्यांची नावं पाठवली.
पहिली स्वस्त.
दुसरी पहिल्या वर्षापुरती स्वस्त.
तिसरी म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

त्रोंदुर गेला त्या रात्री चष्मा पुसून
मी पहिलीचं बारीक अक्षर वाचायला घेतलं.
कलम नऊ:
जोडलेली डिस्क तीस दिवस परत दिसली नाही
तर ती पुसली गेली असं समजण्यात येईल.

समजण्यात येईल.
कोण समजणार?

मदतीच्या खिडकीत मी टाइप केलं,
एकतिसाव्या दिवशी आली तर?
उत्तर लगेच, हसऱ्या चेहऱ्यासकट:
काळजी नको! तुम्ही पुन्हा शून्यापासून सुरुवात करू शकता.

समोरची बिरिता तेवीस वर्षं
दर शरदात त्याच्या बुटांना चरबी चोळते.
देवळाच्या आवारातल्या दगडावर
निघाल्याची तारीख कोरलेली आहे,
पुढे वीतभर जागा कोरी.
पाथरवट विचारायला आला होता एकदा.
तिने त्याला कॉफी दिली आणि परत पाठवला.

मी तिसरी घेतली. महिना एकोणनव्वद क्रोनर.
डिस्क कधीही येवो, आम्ही थांबू, असं लिहिलं होतं.
लिहायला काय जातं, हेही कळतं मला.
म्हणून एक प्रत पेनड्राइव्हवर,
पेनड्राइव्ह बिस्किटांच्या डब्यात,
डबा बिरिताकडे.
तिने काय आहे विचारलं नाही, फळी दाखवली.

वर चढवायला नऊ दिवस लागले.
निळी पट्टी सरकायची, थबकायची.
मी लोकर विंचरत बाजूला बसायचे,
जणू गाय विणार आहे.

बेचाळिसावा दिवस गेला. वादळ, म्हणाले.
त्रेचाळिसावा.
चव्वेचाळिसाव्याला तो दारात, दाढी, डिझेलचा वास,
झोपलाच थेट, मोजेसुद्धा न काढता.

खिशातून तो काळा तुकडा काढून
मी संगणकाला लावला. मधलं बटण झिजून गुळगुळीत.
पडद्यावर प्रश्न आला:
अनोळखी उपकरण. विश्वास ठेवायचा?

आत मी न भरलेली एक फाइल होती, अकरा मिनिटांची.
इंजिन. भांडी. कुणीतरी शिव्या देतंय बर्फाला.
मग बराच वेळ नुसतं इंजिन,
आणि त्यात, अगदी हळू,
मेंढ्यांना बोलावणारी हाक.
वडिलांची नव्हे. ती मला पाठ आहे.

आतल्या खोलीतून घोरणं ऐकू येत होतं.
मी फाइलला नाव दिलं नाही, फक्त तारीख घातली,
आणि बूट घातले.
डबा बिरिताकडून आणायचा होता.